साथीच्या काळातील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ : उबुन्तूचे व्याकरण व फास्वाने म्पे यांची कादंबरी

आफ्रिकी समूहनिष्ठ तत्त्वज्ञानाविषयी जे लिहिले-बोलले जाते त्याचा बराच भाग एका म्हणीभोवती फिरत राहतो. ‘उमुन्तु न्गुमुन्तु न्गाबान्तु’ ही ती झुलू भाषेतील म्हण. सोथो आणि शोना भाषांतही तिची भावंडे आहेत. माणूस माणसांच्या योगे माणूस असतो, असा तिचा सरळ अर्थ. ‘न्तु’ या मूळ अंशाला ‘उमु’, ‘अबा’ आणि ‘उबु’ हे पूर्वप्रत्यय लागून माणूस, माणसे आणि माणूसपण असे तीन शब्द सिद्ध होतात. त्यांपैकी तिसरा, ‘उबुन्तू’, गेल्या तीन दशकांत जगभर गेला. म्हणीतला ‘न्गा’ हा अंश मात्र घरीच राहिला. तो साधनवाचक आहे. मराठीत जे काम तृतीया विभक्ती करते ते तो करतो. साथरोगांच्या काळात आंतरराष्ट्रीय एकजुटीची जी भाषा बोलली गेली तिची चिकित्सा करावयाची, तर प्रारंभ या तृतीयेपासून करणे श्रेयस्कर असे मला वाटते.

या म्हणीत प्रथमपुरुष नाही, ही गोष्ट सहसा नजरेतून निसटते. तीत ‘मी’ नाही आणि ‘आम्ही’ही नाही. केनियाचे धर्मतत्त्वज्ञ जॉन म्बीती यांनी १९६९ साली ‘आफ्रिकन रिलिजन्स अँड फिलॉसॉफी’ या ग्रंथात ‘मी’चे अस्तित्व समूहाच्या अस्तित्वावर उभे करणारे जे सुप्रसिद्ध सूत्र मांडले, ते देकार्तला दिलेल्या उत्तरासारखे आहे, आणि उत्तर द्यावयाचे म्हटले की प्रश्नकर्त्याचे व्याकरण बऱ्याच अंशी स्वीकारावे लागते. देकार्तच्या एकाकी ‘मी’ला शह देण्यासाठी म्बीतींना इंग्रजी ‘वुई’ आणावा लागला. पुढे म्हणीचे भाषांतर म्हणून हेच सूत्र व्यासपीठांवरून सांगितले जाऊ लागले. आता इंग्रजी ‘वुई’ ऐकणाऱ्याला आत घेतो की दाराबाहेर ठेवतो, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीला हा निर्णय प्रत्येक वाक्यात करावा लागतो. ‘आम्ही’ म्हटले की समोरचा वगळला जातो. ‘आपण’ म्हटले की तो सामील होतो. शिवाय ‘आपण’ हेच सर्वनाम आदरार्थी द्वितीयपुरुषासाठीही येते आणि ‘स्वतः’ या अर्थानेही. आपल्या भाषेने हाती दिलेले हे भिंग आफ्रिकी संहितांवर धरणे म्हणजे बाहेरचा निकष लादणे नव्हे. म्हण ज्या प्रश्नापाशी येऊन मौन पाळते, म्हणजे ज्या माणसांच्या योगे माणूस माणूस होतो ती माणसे नेमकी कोणती, तोच प्रश्न हे भिंग मोठा करून दाखवते.

हा प्रश्न निव्वळ तात्त्विक नाही. म्हणीतील ‘अबान्तु’ या शब्दाचेच ‘बान्तू’ हे रूप दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीने एका वर्गवारीचे नाव म्हणून वापरले. १९५३चा शिक्षणविषयक कायदा याच नावाने ओळखला जातो. माणसे या अर्थाचा शब्द माणसांपैकी काहींना वेगळे काढण्यासाठी योजला गेला. आणि वेगळे काढण्याचे हे काम साथीच्या निमित्ताने फार आधी सुरू झाले होते. १९०१ साली केपटाउनमध्ये प्लेग आला तेव्हा हजारो आफ्रिकी रहिवाशांना शहराबाहेर अट्‌फ्लुख्ट येथील वसाहतीत हलवण्यात आले. साथ ओसरली, वसाहत राहिली. इतिहासकार मेनार्ड स्वॉन्सन यांनी १९७७ साली या प्रकरणाची जी मीमांसा केली तिचे सार असे की, आरोग्याची भाषा ही तेथे वांशिक विभागणीची पहिली भाषा ठरली. (मराठीत रोगाच्या फैलावालाही ‘साथ’ म्हणतात आणि सोबतीलाही. केपटाउनच्या नगररचनेला हा श्लेष परवडला नसता.)

समूहनिष्ठ तत्त्वज्ञानाची वैचारिक परंपरा येथे थोडक्यात आठवणे पुरेसे आहे. बेल्जियन मिशनरी प्लासीद टेम्पल्स यांनी १९४५ साली बान्तू तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिले तेव्हापासून ‘आफ्रिकी माणूस समूहातून विचार करतो’ हे विधान प्रतिष्ठित झाले. नायजेरियाचे इफेआनी मेन्किटी यांनी १९८४ साली ते टोकाला नेले: व्यक्तित्व जन्मतः मिळत नाही, ते समूहात वावरून क्रमाक्रमाने कमवावे लागते. घानाचे क्वामे ग्येक्ये यांना यातला धोका दिसला आणि त्यांनी व्यक्तीच्या हक्कांना जागा ठेवणारा मध्यममार्ग सुचविला. परंतु सर्वांत मर्मभेदी आक्षेप बेनिनच्या पोलाँ हुन्तोंजी यांचा. एका संपूर्ण समाजाच्या तोंडी एकच एकमुखी तत्त्वज्ञान घालणे ही मानववंशशास्त्राची मिरास आहे, तत्त्वज्ञानाची नव्हे, असे ते म्हणाले. एकमताचा हा भ्रम बाहेरच्यांनी निर्माण केला आणि आतल्यांनी अभिमानाने उचलला. देशीवादाच्या वादातून गेलेल्या मराठी वाचकाला हा पेच परका वाटणार नाही.

राजकारणात मात्र हुन्तोंजींचा आक्षेप पोचला नाही. १९९३च्या दक्षिण आफ्रिकेच्या अंतरिम राज्यघटनेच्या उपसंहारात ‘उबुन्तू’ हा शब्द सूडाच्या विरोधात अवतरला. १९९५ साली देहदंड रद्द करणाऱ्या निकालात तेथील घटनापीठाच्या न्यायमूर्तींनी त्याचा आधार घेतला. आणि १९९६च्या अंतिम घटनेतून तो वगळला गेला. घटनेतून गेलेला हा शब्द भाषणांतून मात्र वाढतच राहिला. २०२० साली कोविडची साथ जगभर पसरली तेव्हा तो आंतरराष्ट्रीय मंचांवर पुन्हा ऐकू येऊ लागला, आणि त्याच्या शेजारी दुसरे एक वाक्य येऊन बसले: सर्व सुरक्षित होईपर्यंत कोणीच सुरक्षित नाही. अनेकांनी या दोहोंना समानार्थी मानले. ते समानार्थी नाहीत.

घोषणेतही प्रथमपुरुष नाही, एवढेच म्हणीशी तिचे साम्य. तिचा सांधा आहे ‘पर्यंत’. हे कालवाचक अव्यय आहे, आणि काळाला मुदत असते. या वाक्यात दुसऱ्या माणसाचे स्थान रोगाच्या संभाव्य उगमाचे आहे. त्याला लस द्यावयाची ती त्याच्यापासून मला बाधा होऊ नये म्हणून. मला अन्य उपायाने पुरेसे सुरक्षित वाटू लागले, तर वाक्याचा आधारच निघून जातो. ‘न्गा’ला अशी मुदत नाही. तेथे दुसरा माणूस हा माझ्या माणूसपणाचे साधन आहे आणि ते साधन काम संपल्यावर बाजूला ठेवता येत नाही. हितसंबंधावर उभी राहिलेली एकजूट हीन असते असे मला सुचवायचे नाही. बऱ्याचदा तीच तेवढी हाती येते. पण ती हितसंबंधाइतकीच टिकते. २०२१ साली जे घडले ते या ‘पर्यंत’चे चरित्र आहे.

त्या चरित्रात महाराष्ट्रही आहे. गरीब देशांना लस पुरविण्यासाठी उभारलेल्या कोव्हॅक्स योजनेची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घानात उतरली. त्या ६ लाख मात्रा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाल्या होत्या. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला पुण्याहूनच १० लाख मात्रा दक्षिण आफ्रिकेत पोचल्या होत्या. तेथील सरकारला त्या प्रत्येकी ५.२५ डॉलरला पडल्या, तर युरोपीय संघाने ॲस्ट्राझेनेकाची तीच लस सुमारे २.१६ डॉलरला घेतल्याचे प्रसिद्ध झाले होते. पुढे भारतात दुसरी लाट उसळली आणि मार्चनंतर निर्यात जवळजवळ थांबली. ती नोव्हेंबरपर्यंत सुरळीत झाली नाही. प्राणवायूसाठी धावणाऱ्या आप्तांच्या देशाला त्या क्षणी दोष देणे कठीण आहे. तरीही ‘आपण’ म्हणून निघालेला माल ‘आम्ही’ म्हणून गोदामात थांबला, हे नोंदवलेच पाहिजे. उलट दिशेनेही हेच घडत होते. दक्षिण आफ्रिकेतील ग्केबेर्हा येथील ॲस्पेनच्या कारखान्यात कुप्यांत भरलेली जॉन्सन अँड जॉन्सनची लस तेथील लोकसंख्येचा अल्प भागच लसवंत झालेला असताना युरोपला जात असल्याचे ऑगस्ट २०२१ मध्ये उघड झाले.

भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी २ ऑक्टोबर २०२० रोजी जागतिक व्यापार संघटनेपुढे एक प्रस्ताव ठेवला होता: साथ असेतोवर लसी, औषधे व निदानसाधने यांवरील बौद्धिक संपदेचे निर्बंध स्थगित करावेत. वीस महिन्यांनी, जून २०२२ मध्ये जे हाती लागले ते फक्त लसींपुरते आणि पेटंटांच्या सक्तीच्या परवान्यांपुरते. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथविषयक करार मंजूर केला, त्यात एकजूट हे तत्त्व म्हणून नोंदलेले आहे. तंत्रज्ञानाचे हस्तांतर मात्र परस्पर संमतीने व्हावयाचे. साहित्याच्या अभ्यासकाने अशा वाक्यातील विशेषणे सोडून क्रियाविशेषणे वाचावीत. करार तेथे राहतो.

या इतिहासात २००१ हे वर्ष विलक्षण आहे. एचआयव्हीवरील तीन औषधांच्या संयुक्त उपचाराला श्रीमंत देशांत दरसाल १० ते १५ हजार डॉलर पडत असताना, त्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तोच उपचार एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेला दरसाल ३५० डॉलरला देऊ केला. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या घटकाला नव्हे तर केवळ प्रक्रियेला संरक्षण दिले होते, म्हणून हे शक्य झाले. एप्रिलमध्ये ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या औषधकायद्याविरुद्धचा आपला दावा प्रिटोरियाच्या न्यायालयातून मागे घेतला. आणि याच वर्षी फास्वाने म्पे यांची ‘वेलकम टू अवर हिलब्रो’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली. म्पे जोहान्सबर्गच्या विट्‌वॉटर्सरँड विद्यापीठात शिकवीत. २००४ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते वारले. औषध समुद्रापलीकडे तयार होते, पण त्या काळी थाबो म्बेकी यांचे सरकार एचआयव्ही आणि एड्स यांच्या संबंधाविषयीच शंका घेत होते, आणि ही शंका आफ्रिकी आत्मसन्मानाच्या भाषेत मांडली जात होती. हार्वर्डच्या संशोधकांनी पुढे केलेल्या गणितानुसार या दिरंगाईने ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले. समूहाच्या अभिमानाची भाषा समूहालाच मारू शकते, याचा याहून ढळढळीत दाखला नसेल.

म्पे यांच्या कादंबरीकडे वळण्याआधी दुसऱ्या एका पुस्तकाचा उल्लेख केला पाहिजे. कोट दिव्वारच्या व्हेरोनिक ताज्यो यांनी २०१७ साली फ्रेंचमध्ये पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीवर कादंबरी लिहिली. ‘इन द कंपनी ऑफ मेन’ या नावाने २०२१ साली ती इंग्रजीत आली. २०१४ ते २०१६ या काळात त्या साथीने ११ हजारांहून अधिक बळी घेतले. इबोलाने समूहधर्माच्या वर्मावरच घाव घातला. आजाऱ्याला स्पर्श करणे, प्रेताला स्नान घालणे, त्याच्याभोवती एकत्र बसून शोक करणे, म्हणजे माणूस माणसांच्या योगे माणूस असल्याचा जो शेवटचा दाखला, तोच संसर्गाचा मार्ग ठरला. ताज्यो या पेचाला बहुस्वरी रचनेने सामोऱ्या जातात: डॉक्टर, रुग्ण, प्रेते पुरणारे तरुण, वटवाघूळ, खुद्द विषाणू, आणि या सर्वांवर छाया धरणारा बाओबाब, ज्याला आपण गोरखचिंच म्हणतो. मला ही रचना प्रभावी वाटते, पण तिचे समाधान सुलभ वाटते. झाड फार शहाणे आहे. सगळे आवाज त्याच्या छायेत आले की ‘आपण’ आपोआप सिद्ध होतो. वगळले जाण्याचा अनुभव त्या छायेबाहेर राहतो.

म्पे यांच्याकडे असे झाड नाही. त्यांच्याकडे गावगप्पा आहेत. झेक्स म्डा यांनी ‘वेज ऑफ डाइंग’ (१९९५) मध्ये सबंध गावाला प्रथमपुरुषी अनेकवचनी निवेदक केले होते. गोष्ट गावाच्या मालकीची असते, असा त्या निवेदकाचा थाट आहे. म्पे एक पाऊल पुढे जातात. त्यांचा निवेदक रेफेन्त्शे नावाच्या तरुणाला ‘तू’ म्हणून संबोधतो, आणि हा रेफेन्त्शे मेलेला आहे. उत्तरेकडील तिरागालोंग या खेड्यातून तो जोहान्सबर्गच्या हिलब्रो वस्तीत शिकायला आला. प्रेयसी लेराटो आणि मित्र यांना एकत्र पाहून त्याने उंच इमारतीवरून उडी घेतली. आता तो स्वर्गातून पाहतो आहे. हा स्वर्ग म्हणजे मागे राहिलेल्यांच्या स्मरणात टिकून असणे. म्बीतींच्या ग्रंथातील एक कल्पना येथे ध्यानात घ्यावी: ओळखणारे, नावाने स्मरणारे कोणी जिवंत असेतोवर मृत माणूस ‘जिवंत मृत’ असतो. म्पे ही कल्पना तशीच उचलतात आणि तिची एक बाजू उघडी पाडतात, जी म्बीतींनी झाकून ठेवली होती. स्मरणारे लोक खोटेही स्मरू शकतात.

तिरागालोंग सतत स्मरते, बोलते, ठरवते. त्या गावाने रेफेन्त्शेच्या आईला चेटकीण ठरवले आणि जाळले. गावाचे एकमत झाले होते. हुन्तोंजी ज्याला भ्रम म्हणतात ते एकमत येथे प्रत्यक्ष हाती काडी घेऊन उभे आहे. शहरात हेच एकमत परदेशी आफ्रिकी माणसांकडे वळते. त्यांच्यासाठी ‘माक्वेरेक्वेरे’ हा शब्द आहे. त्यांची भाषा कानाला जशी बडबड वाटते तिच्या नकलेतून तो तयार झाला आहे. (म्लेंच्छ हा शब्दही अशाच नकलेतून आला असे व्युत्पत्तिकार सांगतात.) एड्स या माक्वेरेक्वेरेंनी आणला, असे गाव आणि शहर दोन्ही मानतात. रेफिल्वे ही गावातलीच तरुणी, एकेकाळी रेफेन्त्शेवर अनुरक्त असलेली. लेराटो परदेशी बापाची असल्याची कुजबुज वाढवण्यात तिचाही हात आहे. पुढे तीच ऑक्सफर्डला शिकायला जाते, एका नायजेरियन विद्यार्थ्याच्या प्रेमात पडते, आणि दोघांनाही एड्स असल्याचे निदान होते. तिला लागण फार पूर्वी, मायदेशीच झालेली होती. गाव हे ऐकणार नाही. गावाचा निकाल आधीच तयार आहे: नायजेरियनाने दिला.

आता शीर्षकाकडे पाहू. ‘आमच्या हिलब्रोमध्ये स्वागत’ म्हणावे की ‘आपल्या’? मराठीत स्वागताचे वाक्य सामान्यतः ‘आमच्या’ असेच येते; यजमान पाहुण्याला घरात घेतो, पण घर त्याचे करीत नाही. सुरुवातीच्या पानांत हा अर्थ चपखल बसतो: शहरात नव्याने आलेल्या खेडवळ मुलाला शहर ऐकवते आहे. पण निवेदक हेच स्वागताचे सूत्र पुढे अधिकाधिक विस्तारत नेतो; हिलब्रो आपले, तिरागालोंग आपले, ऑक्सफर्ड आपले, मानवताही आपली. ज्याला उद्देशून हे बोलणे चालले आहे तो मेलेला, म्हणजे कोणत्याही वस्तीचा रहिवासी नाही, आणि तरीही प्रत्येक ठिकाणचा वाटेकरी आहे. मराठी अनुवादकाला कुठेतरी, बहुधा पुस्तकाच्या मध्यावर, ‘आमच्या’ सोडून ‘आपल्या’ लिहावे लागेल. ते वळण नेमक्या कोणत्या वाक्यात घ्यावे हा कादंबरीचा अर्थ लावण्याचाच प्रश्न आहे. माझ्या मते ते रेफिल्वेच्या परतण्यापाशी यावे. तेथे निवेदकाचा ‘तू’ रेफेन्त्शेवरून रेफिल्वेकडे सरकतो. जिने इतरांच्या कहाण्या विकृत केल्या तीच आता संबोध्य होते. गाव तिला माक्वेरेक्वेरेंच्या पंक्तीत बसवत असतानाच निवेदन तिला आत घेते. कादंबरी तिला क्षमा करते असे मात्र म्हणता येणार नाही. ‘आपण’च्या तिन्ही अर्थच्छटा, समावेश, आदर आणि स्वत्व, येथे एकाच वेळी जाग्या होतात.

हे केवळ कादंबरीत घडत नव्हते. डिसेंबर १९९८ मध्ये डर्बनजवळच्या क्वामाशू येथे गुगू द्लामिनी या कार्यकर्तीने आपण एचआयव्हीबाधित असल्याचे जाहीर केले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जमावाने तिला मारहाण केली. त्यातच तिचा अंत झाला. समूहाची बदनामी केली, हा तिचा अपराध. त्याच महिन्यात स्थापन झालेल्या ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या संघटनेने पुढे छातीवर ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ अशी ठळक अक्षरे असलेले सदरे काढले. ते बाधितांनीही घालावयाचे आणि अबाधितांनीही. पाहणाऱ्याला कोण कोणता हे कळू नये, हाच हेतू. डिसेंबर २००२ मध्ये खायेलित्शा येथे नेल्सन मंडेला यांनी तो सदरा घातला. त्याच वर्षी या संघटनेने घटनापीठाकडून सरकारविरुद्ध निकाल मिळवला होता: गर्भवतींना नेव्हिरॅपिन उपलब्ध करून देणे सरकारवर बंधनकारक ठरले. उबुन्तूवरील व्याख्यानांपेक्षा मला हा सदरा अधिक बोलका वाटतो. त्याने ‘मी’ पुसला नाही. प्रत्येक अंगावर तो वेगळ्या अर्थाने खरा किंवा खोटा होता, आणि तो घालणाऱ्याला शेजाऱ्याच्या नावावरचा धोका आपल्या नावावर घ्यावा लागत होता. क्वामाशूचा जमावही समूहच होता. मेन्किटींच्या प्रतिपादनात त्या जमावाला अडवणारे काही सापडत नाही, ग्येक्येंच्या प्रतिपादनात सापडते.

कादंबरीत रेफिल्वे लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरते तेव्हा रांगेत एक गोष्ट तिच्या ध्यानात येते. मंडेलांच्या देशाचे पारपत्र असलेल्या तिची वाट त्या मानाने सुकर आहे. नायजेरिया आणि अल्जीरियाच्या प्रवाशांकडे संशयाने पाहिले जाते. माक्वेरेक्वेरे येथेही आहेत, फक्त शब्द निराळा. वीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना येथील शास्त्रज्ञांनी विषाणूचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार ओळखून त्याची माहिती विनाविलंब जगासमोर ठेवली. त्यांनी ‘न्गा’ला जागून केले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ब्रिटनने लगोलग दक्षिण आफ्रिका आणि शेजारच्या देशांतून येणारी विमाने थांबवली, आणि इतर श्रीमंत देशांनीही तेच केले. रेफिल्वेच्या पारपत्राला त्या आठवड्यात काही किंमत उरली नव्हती. म्पे यांचा निवेदक हीथ्रोलाही ‘अवर’च म्हणतो. त्या प्रकरणाच्या मराठी अनुवादात, बाकी सर्वत्र ‘आपल्या’ लिहून झाल्यावरही, मी तेथे ‘आमच्या’ हाच शब्द ठेवीन, आणि तो निवेदकाच्या तोंडी न ठेवता रांगेच्या टोकाला काचेमागे बसलेल्या अधिकाऱ्याच्या तोंडी ऐकू येईल अशी वाक्यरचना करीन.